नमुने घेऊन फिरणं

गेल्या रविवारी सकाळी भाचीचा फोन आला. "मावशी, मुंबईहून बोलावणं आलंय. लोअर परळला ऑफिस आहे. शुक्रवारी मुलाखत. आई नको म्हणतेय. तू सांग ना तिला!"

आता ताईला सांगणारी मी कोण? ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि लहानपणापासून आमच्यात तिचाच शब्द शेवटचा. शिवाय तिचं म्हणणं अगदीच चूक आहे असंही नाही. चित्रं काढून पोट भरेल का? मुंबईत राहणार कुठे? भाडं देऊन हातात उरणार काय? त्यात आता नवीन काळजी : संगणकाला नुसतं तोंडी सांगितलं की तो चित्र काढून देतो म्हणे, मग या पोरीला पगार देऊन कोण ठेवणार? हे सगळं बोलून झाल्यावर ताईनं हुकमाचा पत्ता टाकला. "मामाचं काय झालं, विसरलीस का?"

नाही विसरले. आमच्या घरात ते कुणीच विसरत नाही.

मामा १९६१ साली सांगलीहून मुंबईला गेला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा पास, अक्षर मोत्यासारखं, हात भलताच चपळ. आजोबांनी त्याच्यासाठी शाळेत ड्रॉइंग मास्तरची जागा बघून ठेवली होती. ती सोडून तो गेला. नंतर एका कापड गिरणीच्या डिझाइन खात्यात लागला, एकवीस वर्षं तिथे काढली, आणि १९८२ च्या संपानंतर पत्र्याची ट्रंक घेऊन परत आला. पुढे सांगलीत दुकानांच्या पाट्या रंगवल्या, गणपतीत मखरं केली. आमच्या घरी कुणी जरा वेगळं काही करायचं म्हटलं की मोठी माणसं एवढंच म्हणायची, "मामा व्हायचंय का?"

तर फोन ठेवल्यावर मी विचार करत बसले. मामाचं नक्की काय झालं? तो चुकला की मुंबई चुकली? आणि त्याच्या आधी, त्याच्या बरोबरीने जी माणसं हातात चित्रांची गुंडाळी घेऊन बोरीबंदरला उतरली, त्यांना नोकऱ्या तरी कशा मिळाल्या? गेली काही वर्षं मी या विषयावर मिळेल ते वाचत आलेय (मामामुळेच असणार). ते जरा जुळवून लिहिते. आमच्या घरातली मंडळी हे वाचतात हे ठाऊक आहे, तेव्हा ताई, हे तुझ्यासाठीही आहे.

सुरुवात १८५७ पासून करायला हवी. त्या वर्षी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. हेतू मात्र आपल्याला वाटतो तसा 'कलावंत घडवणे' असा नव्हता. इथल्या कारागिरांना रीतसर रेखाटन शिकवावं, म्हणजे त्यांच्या कामात सुधारणा होईल, असा तो हिशेब. १८६५ साली लॉकवुड किपलिंग तिथे शिकवायला आले. (रुडयार्ड किपलिंगचे वडील. रुडयार्डचा जन्म त्याच वर्षी त्याच आवारातला.) मुंबईत तेव्हा मोठमोठ्या इमारती उठत होत्या आणि त्यांना दगडावरची नक्षी हवी होती. पुढे व्हिक्टोरिया टर्मिनस बांधलं गेलं तेव्हा त्यावरची पानं, फुलं, पक्षी, प्राणी यांच्या सजावटीच्या कामात जे. जे.चे विद्यार्थी होते. म्हणजे मुंबईत चित्रकलेच्या पोरांना मिळालेल्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक आजही आपल्या डोक्यावर आहे, आपण लोकलच्या घाईत वर बघत नाही इतकंच.

पण इमारती काही रोज उठत नाहीत. बाकीच्या वेळी शिकलेल्या चित्रकाराला खात्रीची नोकरी एकच, ती म्हणजे मास्तरकीची. सरकारी चित्रकला परीक्षा, त्यासाठी शाळाशाळांतून ड्रॉइंगचे वर्ग, त्या वर्गांसाठी मास्तर, आणि ते मास्तर तयार करायला पुन्हा जे. जे. आजोबांच्या डोक्यात होती ती हीच वाट, आणि ती वाईट नव्हती. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये जे. जे.त शिकायला आले, तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. स्कूलचं संचालकपद सांभाळणारे ते पहिले भारतीय. पण गंमत बघा, एवढी पक्की नोकरी असूनही धुरंधरांनी बाहेरची कामं कधी सोडली नाहीत. पुस्तकांतली चित्रं, पोस्टकार्डं, पौराणिक प्रसंग, व्यक्तिचित्रं... नोकरीने घर चालायचं आणि बाहेरच्या कामाने नाव व्हायचं. त्यांची मुलगी अंबिकाही चित्रकार झाली. जे. जे.ची पदविका घेणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. त्या काळात मुलीने हे करायला घरातच चित्रकार बाप असावा लागत होता, हेही लक्षात ठेवायला हवं.

याच्या अगदी उलट स्वभावाचा माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. त्र्यंबकेश्वरचा मुलगा १८८५ मध्ये जे. जे.त दाखल झाला, मग बडोद्याच्या कलाभवनात गेला. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. पुरातत्त्व खात्यात सरकारी नोकरी मिळाली, तीही सोडली. लोणावळ्याला छपाईचा धंदा काढला, राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी कामं केली, नंतर दादरला आले. आणि चाळिशीला टेकल्यावर गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा बघून ठरवलं की हेच करायचं. विम्याची पॉलिसी गहाण, सरस्वतीबाईंचे दागिने गहाण. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला म्हणून आज ते आपले दादासाहेब. १९१० साली नातेवाईकांनी त्यांच्याबद्दल काय म्हटलं असेल याची मी कल्पना करू शकते. ताई, तूसुद्धा करू शकशील!

फाळक्यांनी जे सुरू केलं त्यातून पुढच्या पिढीला नोकऱ्या मिळाल्या. सिनेमा आला तशी पोस्टरं आली, थिएटरवरचे अजस्र फलक आले. छोट्या चित्रावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच मोठ्या चौकटी फलकावर आखायच्या, आणि एकेक चौकट वाढवत न्यायची. पंढरपूरला जन्मलेला, इंदूरला वाढलेला मकबूल फिदा हुसेन तिशीच्या दशकात मुंबईला आला तो याच कामावर लागला. मजुरी चौरस फुटावर, तीही आण्यांत. ग्रँट रोडच्या बाजूला राहायचं आणि परातीवर चढून... चुकले, परांचीवर चढून नट्यांचे दोन-दोन पुरुष उंचीचे चेहरे रंगवायचे. पुढे लहान मुलांचं फर्निचर आणि लाकडी खेळणी रंगवण्याचंही काम त्याने केलं. १९४७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्याच्या चित्राकडे लक्ष गेलं, तेव्हा मुंबईत येऊन त्याला दहा वर्षं होऊन गेली होती. दहा वर्षं!

सय्यद हैदर रझांची गोष्ट तर कुणाही आईच्या काळजात धस्स करणारी. मध्य प्रांतातून सरकारी शिष्यवृत्ती घेऊन १९४३ साली मुंबईत आले. पोहोचायला उशीर झाला, जे. जे.तली जागा गेली, शिष्यवृत्तीही गेली. परत न जाता त्यांनी एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी धरली. छपाईचे ठोकळे बनवणारा कारखाना होता तो. दिवसभर तिथे डिझाइनं करायची, संध्याकाळी चित्रकलेचा वर्ग, आणि उरलेल्या वेळात मुंबईचे रस्ते रंगवायचे. कृष्णाजी हौळाजी आरा तर हैदराबाद संस्थानातून लहानपणीच पळून आलेला पोरगा. घरकाम केलं, मोटारी धुतल्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. पुढे 'टाइम्स'चे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांच्या नजरेला त्यांची चित्रं पडली. ही सगळी मंडळी १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये होती, हे आपण पुस्तकात वाचतो. त्याआधी सकाळी उठून ते कुठे कामाला जात होते, हे त्याच पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं.

आणि आर. के. लक्ष्मण? म्हैसूरहून जे. जे.ला अर्ज केला, तर 'तुमच्यात पुरेशी गुणवत्ता नाही' अशा अर्थाचं उत्तर आलं. तो माणूस १९४७ पासून 'टाइम्स'मध्ये अर्ध्या शतकाहून जास्त काळ रोज एक चित्र काढत राहिला. प्रवेश नाकारणाऱ्याला तेव्हा काय दिसलं असेल कोण जाणे. मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाने ही गोष्ट पाठ करून ठेवावी.

आपल्या मराठी घरांत मात्र चित्रकार पोहोचले ते गॅलरीतून नाहीत, तर कॅलेंडरं आणि दिवाळी अंकांतून. मडगावचे दीनानाथ दलाल १९३७ मध्ये जे. जे.ची पदविका घेऊन बाहेर पडले, स्वतःचा स्टुडिओ काढला आणि १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला. गोव्याचेच रघुवीर मुळगावकर, गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित. आमच्या देवघरात कोण लक्ष्मी होती हे आजी सांगायची नाही, पण खालच्या कोपऱ्यातली सही 'मुळगावकर' ही मला वाचता यायला लागल्यापासून पाठ होती. जे. जे.त १९३५ मध्ये 'कमर्शियल आर्ट'चा विभाग निघाला, १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. याचा अर्थ एवढाच, की शहरानेच मान्य केलं : साबणाच्या डब्यालाही चित्रकार लागतो.

मामा गेला ते नेमकं हेच वर्ष, १९६१. पण तो काही जे. जे.त जाऊ शकला नाही. फीचे पैसे नव्हते. गिरगावात आजीच्या लांबच्या नात्यातल्या एका बिऱ्हाडात त्याची सोय झाली. सोय म्हणजे रात्री चाळीच्या गॅलरीत वळकटी पसरायची, जेवण खाणावळीत, आणि ट्रंक त्यांच्या पलंगाखाली. त्या काळात बहुतेकांची मुंबई अशीच सुरू व्हायची. लालबाग-परळला कोकणातल्या एकेका गावाच्या खोल्या, धोबी तलावाला गोवेकर ख्रिस्ती लोकांचे गावागावांचे 'कुड', घाटावरच्यांचे आपापले खाणावळवाले. नोकरी मिळायच्या आधी पाठ टेकायला जागा मिळायची आणि तीही गावच्या नावावर. इतिहास लिहिताना आपण गुणवत्तेबद्दल लिहितो. पण मला वाटतं मुंबईतली निम्मी चित्रकला अशा गॅलरीतल्या वळकट्यांनी जगवली.

मग मामा नमुने घेऊन फिरायला लागला. 'नमुने' हा त्याचा शब्द. आता भाची 'पोर्टफोलिओ' म्हणते आणि तो फोनवरून पाठवते. मामाचे नमुने पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये होते, वर सुतळीची गाठ. प्रकाशक, छापखाने, जाहिरात कंपन्या. 'ठेवून जा, कळवू' म्हटलं की तो घाबरायचा, कारण नमुने एकच असायचे! काम कधी मिळायचं, कधी नाही. एका पुस्तकाचं कव्हर केलं त्याचे पैसे तीन खेपा मारल्यावर मिळाले, आणि पुस्तकात नाव दुसऱ्याचंच होतं. हे तो चिडून नाही, हसून सांगायचा.

त्याच सुमारास त्याच शहरात त्याच्याच वयाची आणखी दोन-तीन माणसं होती. कोल्हापूरहून आलेले अरुण कोलटकर जे. जे.त अडखळत शिकले, पदविका पुरी व्हायला १९५७ उजाडलं. मग जाहिरात क्षेत्रात व्हिज्युअलायझर, आर्ट डायरेक्टर म्हणून त्यांनी मोठं नाव कमावलं, तिथले पुरस्कार अनेकदा मिळवले. पोट जाहिरातीवर आणि कविता स्वतःची. 'जेजुरी' १९७६ ची. कमल शेडगे 'टाइम्स'च्या कला विभागात होते, वडीलही तिथेच. नाटकांच्या जाहिरातीतली शेडग्यांची अक्षरं बघून नाटक विनोदी की ऐतिहासिक हे वाचायच्या आधीच कळायचं. आणि तिसरे र. कृ. जोशी. १९५६ मध्ये जे. जे.तून बाहेर पडले, आधी किमर आणि मग उल्का या जाहिरात कंपन्यांत बरीच वर्षं नोकरी, मग आयआयटीत शिकवलं, आणि शेवटी संगणकासाठी देवनागरी अक्षरं घडवली. विंडोजमधला 'मंगल' हा टंक त्यांचा. आपण सगळे नेटवर मराठीत लिहायला लागलो तेव्हा पडद्यावर जे पहिलं मराठी अक्षर उमटलं, ते बहुतेकांच्या बाबतीत जाहिरात कंपनीत नोकरी केलेल्या एका माणसाच्या हातचं होतं. नोकरीत हात वाया जातो म्हणणाऱ्यांसाठी हे सांगून ठेवते.

मामाला शेवटी गिरणी लाभली. मुंबईच्या मोठ्या गिरण्यांना डिझाइन खाती असायची हे मला तोवर माहीतच नव्हतं. छापील कापडावरची फुलं कुणीतरी आधी कागदावर काढावी लागतात ना! चित्र असं काढायचं की त्याची डावी कड उजव्या कडेला आणि वरची कड खालच्या कडेला बेमालूम जुळली पाहिजे, म्हणजे मैलभर कापड छापलं तरी सांधा दिसत नाही. शिवाय रंग मोजके, कारण प्रत्येक रंगाला छपाईचा वेगळा साचा, आणि प्रत्येक साच्याला पैसे. चार रंगांत गुलाब दहा रंगांचा दिसला पाहिजे. मामा म्हणायचा, "तिथे मला खरं चित्र काढता यायला लागलं."

एकवीस वर्षं. त्या पगारावर आजोबांचं आजारपण झालं, माझ्या आईचं लग्न झालं. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्याच हळूहळू विझत गेल्या. मामाच्या गिरणीकडून त्याला जे देणं होतं ते पुरतं कधी मिळालं नाही.

पुढे सांगलीत त्याने पाट्या रंगवायला घेतल्या, तर काही वर्षांनी फ्लेक्स आला. मुंबईतले सिनेमाचे फलक रंगवणारे हातही त्यातच थांबले.

हे सगळं लिहून काढल्यावर मला एक गोष्ट नीट दिसली, ती आधी दिसली नव्हती. या शहरात चित्रकाराची कुठलीच नोकरी फार टिकलेली नाही. दगडी नक्षी गेली, ठोकळे गेले, लिथोचे छापखाने गेले, हाताने रंगवलेली पोस्टरं गेली, गिरण्या गेल्या, कात्री-डिंकाने पानं लावणारे गेले. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणत असणार की आता संपलं. आणि प्रत्येक वेळी बऱ्याच जणांचं खरोखरच संपलं, हेही तितकंच खरं. आपल्याला नावं माहीत आहेत ती तरलेल्यांची. हुसेनच्या शेजारी परांचीवर बसून रंगवणाऱ्या माणसाचं नाव मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही. म्हणून 'बघ, हुसेनसुद्धा फलक रंगवायचा' असं भाचीला सांगणं म्हणजे तिला फसवणं होईल. ते मी सांगणार नाही.

पण ताई, दुसरी बाजूही बघ. मामाची गिरणी बुडाली. मामाचा हात नव्हता बुडाला. आपण घरात त्याची गोष्ट शेवटाकडून सांगतो, ट्रंक घेऊन परत आला इथून. आईचं लग्न कशावर झालं इथून कधी सांगत नाही. शेवटच्या वर्षी मी त्याला विचारलं होतं, की शाळेतली नोकरी सोडल्याचा पश्चात्ताप होतो का. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझी फुलं बायका अंगावर नेसत होत्या गं. लोकलमध्ये समोर बसलेल्या बाईच्या पदरावर आपलं फूल ओळखायचं... ड्रॉइंग मास्तरला हे मिळतं का?" आणि लगेच म्हणाला, "फंडाचे पैसे मिळाले असते तर बरं झालं असतं मात्र." दोन्ही वाक्यं त्याचीच. एक घेऊन दुसरं टाकायचं नाही.

भाचीला मी तीनच गोष्टी सांगितल्या. राहायची सोय आधी. पैशाचं जे ठरेल ते कागदावर. आणि नोकरीच्या कामाशिवाय स्वतःचं म्हणून रोज काहीतरी काढायचं, कारण नोकरी जाते तेव्हा बरोबर तेवढंच येतं. संगणकाच्या चित्रांचं काय होणार हे मला सांगता येत नाही. तिलाही येत नाही, पण ती घाबरलेली वाटली नाही.

एक योगायोग सांगायचा राहिलाच. मुलाखत लोअर परळच्या ज्या आवारात आहे ती एक जुनी गिरणी आहे. मामाची नव्हे, दुसरी. कमला मिल, मथुरादास मिल, तोडी मिल, या सगळ्या आवारांत गेली अनेक वर्षं ऑफिसं, स्टुडिओ, हॉटेलं आहेत. म्हणजे गिरणीत पुन्हा चित्रं काढणारी पोरं जातात, फक्त भोंगा नाही.

काल रात्री ताईला हे सगळं वाचून दाखवलं, फोनवर. ती काही बोलली नाही. मला वाटलं फोन बंद पडला. मग म्हणाली, "मामीनं दिलेली ती फुलांची चित्रं तुझ्याकडेच आहेत ना अजून?"

आहेत. पुठ्ठ्याच्या त्याच फोल्डरमध्ये.

"मी जातेय तिच्याबरोबर," ताई म्हणाली. "महालक्ष्मीची दोन तिकिटं काढलीत. पुण्याला गाडी आली की आणून दे. बघू देत तिथल्या लोकांना आमच्या घरात आधी कोण होतं ते."

गाडी पुण्याला मध्यरात्र उलटून गेल्यावर येते. थर्मासमध्ये चहा घेऊन जाणार आहे. आणि दोघींना सांगणार आहे, सकाळी बोरीबंदरला उतरलात की घाई करू नका. जरा मान वर करून ती दगडी पानं-फुलं बघा, आणि मग टॅक्सी करा.